टकळीचं मौन

टेंभुर्णीत मला मंदा या नावानं हाक मारणारी माणसं थोडीच होती. बाकी गावाला मी टकळी म्हणूनच ठाऊक. सकाळी डोळा उघडला की माझं तोंड सुरू व्हायचं ते गोधडीत शिरेपर्यंत. आई चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापायची आणि मी शेजारी बसून आदल्या दिवशी शाळेत कोण पडलं, कोणाला मार बसला, गुरुजींच्या शर्टावर शाई कशी सांडली, हे सगळं तिला सांगायची. भाकरीची थपथप आणि माझं बोलणं यांची एक लय बसली होती. मी थांबले की आईचा हातही थांबायचा आणि ती म्हणायची, "मंग? पुढं काय झालं?" ती त्यातलं एक अक्षर ऐकत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तिला नुसता आवाज लागायचा, काही लोकांना स्वयंपाक करताना रेडिओ लागतो तसा. पुढं मी जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणजे बोलण्याचाच पगार घेतला, त्यामुळं त्या टकळीची मला कधी लाज वाटली नाही. पण आज लिहायला बसले आहे ते त्या एकाच वर्षाबद्दल, ज्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझं तोंड बंद झालं आणि घरातल्या दोघांची तोंडं उघडली.

आम्ही शिंपी. बाजारगल्लीत आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लहानसं दुकान होतं. त्यात दोन मशिनी. एकीवर आबा बसायचे, दुसरीवर माझा थोरला भाऊ सुभाष, आम्ही त्याला दादा म्हणायचो. आबांची मशीन सावकाश चालायची आणि मधूनमधून थांबायची, दादाची एकदा सुटली की बाहीच्या टोकापर्यंत थांबायची नाही. गल्लीच्या तोंडाशी आलं तरी नुसत्या आवाजावरून मला सांगता यायचं की आज दुकानात कोण आहे. तिथं कायम नव्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा आणि कोळशाच्या इस्त्रीचा मिळून एक वास असायचा. अजूनही कुठं तो वास आला की मी क्षणभर चौदा-पंधरा वर्षांची होते आणि मग गुडघे आठवण करून देतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी पिंपळगाव रेणुकाईला मावशीकडं राहायला गेले होते. देवीचं दर्शन झालं, मावशीच्या हातची शेवयांची खीर आणि गुळवणी झालं, कैऱ्या खाऊन दात आंबले, आणि परत आले तर घरात आबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते कुणी सांगेना. आईला विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला पायजे? ताट घे." दादाला विचारलं तर त्यानं मशीन जोरात चालवली. आबांना विचारायची माझी हिंमत नव्हती. एवढंच कानावर आलं की आबा काहीतरी बोलले, एकच वाक्य, आणि तेव्हापासून हे असं. मी त्या वाक्याच्या मागं लागले. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. दादाला जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये नोकरीला जायचं होतं, हे मला माहीत होतं. त्याचा एक मित्र तिथं होता आणि पोळा झाला की ये म्हणाला होता. तेव्हा वाक्य त्यावरूनच असणार. पण कोणतं? मी मनातल्या मनात आबांच्या तोंडी निरनिराळी वाक्यं घालून बघायची आणि कोणत्या वाक्यानं माणूस महिनोन् महिने गप्प होईल याचा अंदाज घ्यायची.

अबोला घरात होता, पण धंदा थांबवून चालणार नव्हतं. आमच्या कामाची रीत अशी की एकानं गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून माप मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते लिहून घ्यायचं. आता आबा माप सांगायचे ते माझ्याकडं बघून. "छाती छत्तीस." मग मी दादाकडं वळून म्हणायची, "छाती छत्तीस." दादा तीन हातांवर बसलेला, त्याला पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, पण मी बोलल्याशिवाय त्याचा खडू हलायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं. शाळा सुटली की मी धावत दुकानात यायची, आणि सकाळच्या गिऱ्हाइकांना आबा संध्याकाळी या म्हणून सांगायचे. घरी जेवतानाही तेच. "त्याला सांग, भात वाढून घे." "आबांना सांग, मला भूक नाही." एका ताटावरून दुसऱ्या ताटावर मी शब्द पोचवायची, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार रुबाब वाटायचा. शिवाय मी ते शब्द होते तसे पोचवत नव्हते. शिंप्याची पोरगी मी. दादा म्हणायचा, "सांग त्यांना, पोळा झाला की मी चाल्लो." मी आबांना सांगायची, "दादा इचारून राह्यला, पोळा झाल्यावर जाऊ का म्हणून." आबा म्हणायचे, "जाय म्हणावं. मशीन काय रडत न्हाई त्याच्यासाठी." मी दादाला सांगायची, "आबा म्हणतात, तुझी मशीन तुझीच ऱ्हाईन." सगळं इतकं गुळगुळीत व्हायचं की कुणालाच काही टोचायचं नाही. आणि टोचायचं नाही म्हणून कुणी जागचं हलायचंही नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

माझी मैत्रीण कांचन. तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तिच्या आजोबांचे आजोबासुद्धा टेंभुर्णीतच जन्मलेले. त्या वर्षी त्यांच्या जैन स्थानकात चातुर्मासाला साध्वी आल्या होत्या. त्यांतल्या मोठ्या महासतीजी रोज सकाळी प्रवचन द्यायच्या. मी कांचनबरोबर जायची ती प्रवचनासाठी नव्हे, प्रभावनेसाठी. प्रवचन संपलं की दारात प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवायचे, त्याला प्रभावना म्हणतात. कधी खोबऱ्याची वाटी, कधी बुंदीचा लाडू, एकदा तर चक्क स्टीलची वाटी मिळाली होती. संवत्सरीपर्यंतचं आठ दिवसांचं पर्युषण सुरू झालं त्या दिवशी काहीतरी मोठं मिळणार अशी पक्की बातमी कांचननं आणली होती. स्थानक गच्च भरलं होतं. मी बायकांच्या रांगेत मांडी घालून बसले होते, आणि प्रवचन लांबत गेलं तसा माझा डावा पाय मेला. मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या, मग पाय माझा आहे की कांचनचा हे कळेनासं झालं. तेवढ्यात महासतीजी काहीतरी म्हणाल्या आणि दोन-चार बायका उभ्या राहिल्या. मला वाटलं, सुटलं प्रवचन. मीही भिंत धरून उभी राहिले. बघते तर बाकी सगळे बसलेलेच. आता परत बसावं तर पाय वाकेना. उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले होते, म्हणून वेगळं दिसायला नको या हिशेबानं मीही हात जोडले. महासतीजींनी प्राकृतात काहीतरी म्हटलं, सगळ्या सभेनं जयजयकार केला, आणि मी कांचनकडं वाकून विचारणार होते, "काय गं, काय झालं?" तर तिनं डोळे विस्फारून माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको! मौन घेतलं तू. संवत्सरीपर्यंत!"

घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. आई उंबऱ्यात उभी. शेजारच्या दोघी-तिघी माझ्याकडं बघायला आल्या होत्या. एकीनं माझी दृष्ट काढली, एकीनं ओटीत नारळ घातला. आईच्या चेहऱ्यावर मी असा आनंद माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. "देवानं ऐकलं बाई," ती म्हणाली, "आठ दिवस का होईना." मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला की चुकून झालं, पाय मेला होता, मी पायाकडं बोट दाखवत होते. त्यावर शेजारीण म्हणाली, "पायी चालत जाईन म्हणती आहे बहुतेक, रेणुकाईला." कांचननं बजावलं होतं की लिहिणं हेही बोलणंच, तेव्हा पाटीपेन्सिलही बंद. संध्याकाळी आबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जबान दिली ती दिली. माणसांसमोर दिली." जबान मी दिलीच नव्हती, उलट ती मला वापरताच आली नव्हती, पण हे त्यांना सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी आईलाच माझी दया आली. ती मला घेऊन महासतीजींकडं गेली. स्थानकाच्या पडवीत त्या बसल्या होत्या, तोंडाला पांढरी मुहपत्ती, डोळे हसरे. आई म्हणाली, "महाराज, पोरगी चुकून उभी राह्यली हो. हिला दोन घटका गप ऱ्हाणं व्हत न्हाई." महासतीजी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चुकून घेतलं असेल तर दोष नाही. सोडायचं आहे? आत्ता सोड. एक शब्द बोल आणि मोकळी हो. कोणताही चालेल." मी तोंड उघडलं. आजही तो क्षण मला लख्ख दिसतो. जन्मल्यापासून मी जे सहज करत आले होते तेच करायचं होतं. पण त्यांनी एकच शब्द दिला होता आणि सगळ्या शब्दांतून एक निवडायचा होता. 'आई' म्हणावं? उगाच. 'नाही' म्हणावं? कशाला नाही? 'सुटले' म्हणावं, तर मी कशातून सुटत होते? एकेक शब्द जिभेवर यायचा आणि मला वाटायचं, एवढ्या मोठ्या कामाला हा पुरा पडत नाही. आई म्हणाली, "बोल की गं!" मी तोंड मिटलं आणि मान हलवली. महासतीजींनी आशीर्वादाला हात वर केला. आता मात्र ते मौन माझं झालं. पाय मेला म्हणून नव्हे, शब्द सापडला नाही म्हणून.

पहिले दोन दिवस वाईट गेले. पोटात बोलणं साठून मला चक्क ढेकरा यायच्या. पण नंतर एक गंमत झाली. पावसाळ्यात आमच्या आडाचं पाणी गढूळ यायचं आणि आई घागरीत तुरटी फिरवून ठेवायची. थोड्या वेळानं बघावं तर तळाशी गाळ आणि वर नितळ पाणी. तसं काहीतरी माझ्या डोक्यात झालं. एखादी गोष्ट सांगायला मी तडफडायची, आणि सांगता आली नाही की थोड्या वेळानं ती सांगण्यासारखी राहायचीच नाही. बरीचशी अशीच विरून जायची. जी उरायची ती मात्र स्वच्छ दिसायची. मला पहिल्यांदाच कळलं की आई भाकऱ्या करताना स्वतःशी गुणगुणते. माझ्या आवाजाखाली ते आजवर दबलं होतं. आता आमच्या घरात चौघं जण चार फोनांत डोकं घालून गप्प बसतात आणि त्याला मौन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यात गाळ खाली बसत नाही, उलट ढवळला जातो.

दुकानात मात्र गोंधळ माजला. पोळा तोंडावर आला होता, आणि पोळ्याला शिंप्याकडं बैलांच्या झुलींची झुंबड असते, म्हणून मीही शाळा बुडवून सकाळपासून दुकानात असायची. आबांनी पहिल्याच गिऱ्हाइकाचं माप सवयीनं माझ्याकडं बघून सांगितलं. मी गप्प. दादा खडू धरून बसलेला. आबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. दादानं छताकडं बघितलं. समोर नूरचाचांचं बैलांच्या घुंगरमाळांचं आणि गोंड्यांचं दुकान होतं, ते हे सगळं बघत होते. ते उठून आले आणि मधोमध उभे राहिले. "बोलो मास्टर, क्या बोले? छत्तीस? ए सुभाष, छत्तीस बोल्ते! लिख जल्दी." दुपारपर्यंत त्यांनी माझं काम केलं आणि मग वैतागून म्हणाले, "मेरेकू भी धंदा है बाबा. बाप-बेटे तीन हात के फासले पे बैठे हैं, और मैं बीच में तारबाबू." आणि निघून गेले. त्या दिवसापासून आबा आपली मापं आपणच लिहायला लागले आणि दादा आपली. बोलणं अजून नव्हतंच.

पोळ्याच्या आदल्या सकाळी दोन कामं राहिली होती. माणिकराव पाटलांच्या बैलांच्या झुली, कारण गावातली मानाची जोडी त्यांची, वेशीतून पहिली तीच निघायची. त्यांनी लाल कापडाचा अख्खा तागा आणून टाकला होता. आणि देवरावच्या झुली. देवरावची शेती थोडी, बैल बुटके, पण त्यानं निळं कापड मोठ्या हौसेनं आणलं होतं आणि रोज येऊन ते फळीवर आहे ना हे बघून जायचा. आबांनी ताग्यातून पाटलांच्या झुलींचं कापड फाडलं, बगलेत मारलं, आणि घरी आईची एक जुनी मशीन होती तिच्यावर निवांत शिवायला निघताना मला म्हणाले, "त्याला सांग, पाटलाचं मी घेतलं. देवरावचं त्यानं करावं." आणि चालू पडले. गल्लीच्या टोकाशी गेल्यावरही त्यांच्या लक्षात आलं नसावं की निरोप कुणाला दिला.

थोड्या वेळानं दादा आला. मी दोन्ही हातांनी शिंगं करून दाखवली. मग पाटलांच्या मिशा दाखवल्या. मग घराच्या दिशेला बोट केलं आणि मशीन चालवल्यासारखे पाय हलवले. दादा नीट बघत होता. "पाटील घरी येऊन गेला?" मी जोरजोरात मान हलवली, नाही. "घाई करून राह्यला तो?" नाही! मी फळीवरच्या निळ्या कापडाकडं बोट केलं. "कळलं, कळलं," दादा म्हणाला, "देवरावचं बाजूला ठेवून पाटलाचं आधी करतो. बिलकुल काळजी करू नको." आणि त्यानं उरलेला लाल तागा खाली ओढला. मी खडू उचलला, फळीवर लिहिणार तेवढ्यात दारातून कांचनचा आवाज आला, "मंदे! लिहिणं म्हणजे बोलणंच!" कात्री लाल कापडातून चालायला लागली. त्या क्षणी मला, महासतीजींसमोर सापडला नव्हता तो शब्द सापडला. 'थांब.' अगदी जिभेच्या टोकावर होता. आणि तो तिथंच राहिला, कारण त्याच क्षणी मला सगळं स्वच्छ दिसलं. मी आता 'थांब' म्हणाले तर झुली नीट होतील, पोळा नीट होईल, आणि परवा दादा एक शब्दही न बोलता एसटीत बसून निघून जाईल. त्या दोघांच्या मधली जागा मीच भरून काढत होते. ती मोकळी राहिली तरच कुणीतरी तिच्यात पाऊल टाकेल. मला भीतीही वाटली आणि, का लपवू, मजाही फार वाटली. दादा त्या रात्री दुकानातच शिवत बसला आणि तिथंच झोपला.

पोळ्याच्या सकाळी दुकानापुढं पाटील उभे, देवराव उभा. आबा घरून खांद्यावर झुली टाकून आले. लाल, आरसे लावलेल्या, सुरेख. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं तर दादा खुंटीवर झुली टांगत होता. लाल, आरसे लावलेल्या, तितक्याच सुरेख. मग देवराव हळूच म्हणाला, "अन् माझ्या?" निळं कापड फळीवर घडीसकट बसलं होतं. आबांचा चेहरा संतापानं लाल झाला. ते सवयीनं माझ्याकडं वळले. "इचार त्याला, ह्ये काय करून ठेवलं म्हणून!" मी आबांकडं बघत राहिले. नुसती बघत राहिले. नूरचाचा घुंगरमाळ हातात धरून दारात आले होते, तेही बघत राहिले. आबांनी माझ्याकडं बघितलं, देवरावकडं बघितलं, आणि मग मान फिरवून, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा, सरळ दादाकडं बघितलं.

"सुभाष. ह्ये कसं झालं रे?"

दादाच्या हातातली झूल खाली पडली. "आबा, मला वाटलं पाटलाचं म्या करायचंय," तो म्हणाला.

पाटील मिशी पिळत म्हणाले, "चूक कोनाची म्हणायची ही?"

"माझी," आबा म्हणाले.

"माझी," दादा म्हणाला, त्याच श्वासात.

पाटलांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "दोघांची बी? मंग म्या वरडू कोनावर?" आणि ते स्वतःच हसत सुटले. गल्ली हसली. मी तोंडावर पदरासारखी ओढणी दाबून धरली, कारण हसणं हे बोलण्यात धरतात की नाही ते कांचननं सांगितलं नव्हतं. नंतरच्या दोन घटका मी जन्मात विसरणार नाही. "ह्या दोन आवळून देवरावच्या बैलाला बसव," आबा म्हणाले. "किती आवळू?" "टीचभर. अन् निळा काठ लाव, मंजे पाटलाचा मान पाटलाकडं." "रुंदी?" "चार बोटं." "बराबर." दोन्ही मशिनी एकदम चालू झाल्या. आबांची थांबत होती तिथं दादाची चालत होती. वेशीत बैल निघाले तेव्हा पहिला मान पाटलांचा, पण निळ्या काठाच्या झुलींतली बुटकी जोडी बघायला बायका ओट्यावर चढल्या होत्या, आणि देवराव तर बैलांपेक्षा ताठ चालत होता.

त्या दिवशी पुरणपोळीला घरात चौघं एका पंगतीला बसलो. महिनोन् महिने न बोललेल्या माणसांना बोलता येत नाही, सवय मोडलेली असते. "कटाची आमटी घे." "घेतो." "तूप?" "घ्या तुमी." मग आबा ताटाकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोल्लो..." मी कान टवकारले. ते वाक्य! इतके दिवस मी ज्याच्या मागं होते ते आता समोर येणार होतं. दादानं तव्यावरची पोळी उचलून आबांच्या ताटात टाकली. "आबा, पोळी घ्या. गरम है." आबांनी पोळी घेतली. संपलं. मला विचारता येत नव्हतं, आणि नवल म्हणजे थोड्या वेळानं विचारावंसंही वाटेना. ते वाक्य मला आजतागायत कळलेलं नाही. तरुणपणी मला वाटायचं, जगातलं प्रत्येक गूढ उकलायलाच हवं. आता या वयात मनात अशा कितीतरी बंद मुठी आहेत, आणि त्या बंद आहेत म्हणून माझं काही अडत नाही. काही गोष्टी लोकांनी आपसात मिटवलेल्या असतात, आपण त्या उघडून बघण्याचं कारण नसतं.

दादाचं जाणं मात्र ठरलेलं होतं. दुसऱ्या सकाळी त्यानं पिशवी भरली. आबा म्हणाले, "मिलमधी खाकी लागती म्हंतात." आणि कपाटातून खाकी कापड काढलं. कांचनच्या वडिलांच्या दुकानातून ते कधी आणलं होतं कोण जाणे. अबोल्याच्याच दिवसांत आणलं असणार. "शर्ट शिवून देतो. उद्या जाय." आता, आमच्या आबांचा 'उद्या' गावाला चांगला ठाऊक होता. त्यांनी कुणाला सांगितल्या दिवशी कपडा दिला असं सहसा घडत नसे. दादा दुसऱ्या दिवशी विचारायला गेला. "काज राह्यलेत. उद्या." त्याच्या पुढच्या दिवशी, "कॉलर मनासारखी न्हाई बसली. उद्या." गणपती बसले तरी शर्ट होईना. आणि दादा, ज्याला पोळा झाला की पळायचं होतं, तो शहाण्या गिऱ्हाइकासारखा रोज दुकानात जाऊन बसायचा, चहा प्यायचा, आबांशी बोलायचा, आणि उद्या येतो म्हणून उठायचा. जालन्याच्या मित्राला त्यानं निरोप पाठवला, शिंप्यानं अडवलंय.

संवत्सरी झाली. दुसऱ्या सकाळी कांचनच्या घरी पारणं. मौन सोडायला मलाही पाटावर बसवलं. अख्खी गल्ली जमली होती. आठ दिवस गप्प राहिलेली टकळी आता काय मोती सांडणार हे ऐकायला म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टेकत आली होती. कांचनच्या आईनं वेलदोड्याचं दूध दिलं. मी घोट घेतला. सगळे श्वास रोखून. "काकी," मी म्हणाले, "साखर घालायची राह्यली." केवढा हशा झाला! आई तर डोळे पुसत हसत होती. नूरचाचा म्हणाले, "आठ दिन सोच के यह बोली!" मला वाटतं, तेवढ्या नेमकेपणानं मी पुन्हा क्वचितच बोलले असेन.

त्याच दुपारी आबांनी शर्टाला शेवटचं बटण लावलं. आम्ही सगळे एसटीच्या थांब्यावर गेलो. दादानं नवा खाकी शर्ट घातला होता. खांदा बरोबर, कॉलर बरोबर, पण बाह्या मनगटाच्या खाली दोन बोटं उतरत होत्या. "आबा, बाही जरा लांब झाली," दादा हात पुढं करत म्हणाला.

आबांनी बाही चिमटीत धरली, पुढं-मागं फिरवली. "व्हय की. चुकलं माप," ते म्हणाले. "रविवारी घेऊन ये. कापून देतो."

मी तिथंच उभी होते. आदल्या रात्री कंदिलापाशी आबांनी दादाच्या जुन्या शर्टावर ती बाही पसरून ठेवलेली मी पाहिली होती. माप त्यांना नीट ठाऊक होतं. कात्री हातात घेऊन ते बराच वेळ बसले, आणि मग त्यांनी ती न चालवता ठेवून दिली. मौन सुटलं होतं, जीभ मोकळी होती, आणि सांगायला एवढी चांगली गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. गाडी आली. दादानं बाह्या दुमडल्या, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "रविवारी आणतो."

मी काहीच बोलले नाही. गाडी वळणाआड गेल्यावरही आबा रस्त्याकडं बघत उभे होते, आणि मी त्यांचा हात धरून शेजारी उभी राहिले.